तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

राज्य सरकारच्या मते मी दरमहा आठशे चौसष्ट डॉलर पोटगी सहज देऊ शकेन असा माणूस आहे. माझ्याबद्दल इतकं चांगलं मत याआधी कुणाचंच नव्हतं, त्यामुळे पहिले दोन दिवस मी खुशीतच होतो.

हा आकडा सरकारी कोष्टकातून येतो. तुमचा पगार, मुलीच्या आईचा पगार, विमा कोण भरतं, वर्षातल्या किती रात्री मुलगी कुणाच्या छपराखाली झोपते, हे सगळं त्यात घातलं की खालून आकडा पडतो. दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. मुलगी दिवसभर तुमच्याकडे राहून, तुमचं खाऊन, तुमच्या सोफ्यावर जांभळा रंग सांडून संध्याकाळी आईकडे गेली, तर कोष्टकाच्या लेखी ती आलीच नव्हती. सोफा आपला आपण जांभळा झाला.

तिसऱ्या दिवशी मी वजाबाकी केली. मी लेक एल्सा गावच्या पाणीपट्टी कार्यालयात नोकरी करतो. नळ तोडण्याच्या नोटिसा लिहितो. (आमच्या नोटिसा ‘सवड झाली तर’ अशा सुरू होतात. मिनेसोटात यापेक्षा कडक भाषा वापरली तर चर्चमध्ये बाकावर शेजारी कुणी बसत नाही.) त्या पगारात फार ताणलं तर साडेसहाशे बसत होते. वरच्या दोनशे चौदांसाठी मला घर सोडावं लागणार होतं, आणि परवडणारी दुसरी जागा गावात एकच होती. मासे धरायची गांडुळं विकणाऱ्या दुकानाच्या वरची एक खोली.

टिल्डा, म्हणजे माझी नऊ वर्षांची मुलगी, दर बुधवारी आणि एकाआड एक शनिवार-रविवारी माझ्याकडे राहते. ती खोली बघायला बरोबर आली होती. तिनं सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, “डॅड, माझा पलंग कुठे?”

मी टेपनं मोजलं. पलंग बसत होता. फक्त मग दार उघडत नव्हतं.

“मग मी आत कशी येणार?” तिनं विचारलं.

हा प्रश्न कोष्टकात कुठेच नव्हता.

माझ्या भिंतीपलीकडचे शेजारी व्हर्लिन पोल यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली. कायद्याचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे, कारण गावातल्या दोन न्यायाधीशांची मुलं त्यांच्या बसनं जायची.

“आर्लन, कोष्टक काय दगडावर कोरलेलं नाही,” ते म्हणाले. “कोर्टाला वाटलं तर कोष्टक बाजूला ठेवता येतं. कारण लागतं, बस. विशेष खर्च दाखव. पोरगी गोल अडवते ना तुझी?”

टिल्डा आइस हॉकीत गोल अडवते. गोल अडवणाऱ्या मुलीच्या अंगावर मुलीपेक्षा जास्त सामान असतं, आणि मुलगी दर सहा महिन्यांनी वाढते. व्हर्लिन म्हणाले, “पावत्या जोड. कोर्टाला पावत्या फार आवडतात.”

पावत्या नव्हत्या. हे सामान आमच्याकडे गाडीतळावर, डिकीतून डिकीत विकलं जातं. मग मी घरोघर फिरून, ज्यांनी ज्यांनी सामान विकलं होतं त्यांना पावती लिहून द्यायची विनंती केली. लोकांनी आनंदानं लिहून दिल्या. एकात होतं, ‘पायाचे पॅड विकले. तसेही गॅरेजात पडूनच होते.’ दुसऱ्यात, ‘हेल्मेट. पैसे घेतले याचं अजून वाईट वाटतं.’ तिसऱ्या बाईंनी तर ‘त्या वेळी जरा जास्तच घेतले’ असं लिहून दहा डॉलर परत पाठवले. अकरा घरं फिरून मी दहा डॉलर फायद्यात आलो. विशेष खर्चाचा हा पुरावा.

अर्जात ‘कोष्टकाप्रमाणे पोटगी का नको’ अशी एक ओळ होती. तिच्यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी लिहिलं, ‘जमत असेल तर. नसेल तरी काही हरकत नाही.’

कोर्टाच्या खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, “वेगळंच आहे हं.”

आमच्या भागात ‘वेगळंच आहे’ यापुढे शिवी नाही. मी अर्ज परत घेतला.

दुसऱ्या अर्जाला नोटरीचा शिक्का हवा होता. नोटरी बँकेत बसतो, पण जानेवारीत तो तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो. मी तळ्यावर गेलो. उलट्या बादलीवर सही केली. शिक्क्याची शाई गोठलेली होती, म्हणून त्यानं शिक्का दहा मिनिटं काखेत धरला. त्यामुळे माझ्या अर्जावर उमटलेलं राज्याचं बोधचिन्ह थोडं घामेजलेलं आहे, पण कायदेशीर आहे.

आता अर्जाची प्रत टिल्डाच्या आईला, मारितला, हातोहात द्यायची होती. ती मी द्यायची नाही, त्रयस्थानं द्यायची असा नियम आहे. कदाचित दोघं मारामारी करतील म्हणून असेल. मारित आणि मी कधी आवाजही चढवलेला नाही. आमच्या घटस्फोटाला सव्वा वर्ष लागलं ते फक्त, कागदावर आधी सही कुणी करायची यावर ‘तू कर’, ‘नाही, आधी तू’ असं चाललं होतं म्हणून.

त्रयस्थ म्हणून व्हर्लिन गेले. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून काचेचा ट्रे भरून लिंबाच्या वड्या घेऊन गेले. मारितनं कॉफी विचारली. रीतीप्रमाणे ते दोनदा ‘नको, नको’ म्हणाले आणि तिसऱ्यांदा ‘बरं, तयारच असेल तर’ म्हणाले. आमच्याकडे पहिल्या दोन नकारांना कुणी नकार समजत नाही. ते घसा साफ करण्यासारखं असतं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस अधाशी, आणि दोनदा विचारून थांबणारा माणूस चिक्कू. कॉफी झाली, मग जेवण झालं, मग मारितच्या भांडी धुण्याच्या यंत्राचा पाइप बदलून झाला, आणि तीन तासांनी व्हर्लिन परत आले. कागद खिशातच.

“मधे कुठे काढायचे रे?” ते म्हणाले. “इतकी चांगली वागत होती. तोंडावर कोर्टाचा कागद कसा मारायचा?”

वरून मारितनं ट्रेमध्ये बटाट्याची, भट्टीत भाजलेली हॉटडिश भरून पाठवली होती, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं. झालं. आता तो ट्रे पुन्हा भरून पाठवणं आलं. त्या आठवड्यात ट्रे चार वेळा गेला आणि चार वेळा आला. चौथ्या खेपेला व्हर्लिननी हिय्या करून कागद वरच्या फॉइलच्या आत सरकवला आणि पळून आले. वय बहात्तर, डावा गुडघा बदललेला, पण पळाले.

मग कोर्टात शपथेवर लिहून द्यायचं होतं की कागद हातोहात दिला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “नक्की हातात काय दिलंत? कागद की वड्या?”

“दोन्ही,” व्हर्लिन म्हणाले. “कागद वड्यांवरच होता, सही करायच्या ओळीला थोडं लिंबू लागलं असेल.”

“वेगळंच आहे हं,” बाई म्हणाल्या. पण शिक्का मारला.

तारखेच्या आदल्या रविवारी लॉर्ना क्विस्ट माझ्या गॅरेजात आल्या. समोरच्या घरात राहतात. तीन घटस्फोट पचवलेल्या, त्यामुळे गल्लीत त्यांचा शब्द अंतिम.

“आर्लन, तुझं घोडं कुठे पेंड खाणार ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “नव्या मॅजिस्ट्रेटबाई न्यू जर्सीच्या आहेत. त्यांच्यापुढे कुरकूर करावी लागते. तोंड उघडून सांगावं लागतं की मला जड जातंय. जमेल?”

“बघू की.”

“बघू नाही. म्हणून दाखव. ‘मला जड जातंय.’”

मी खुर्चीवरून उठलो. व्हर्लिन दाराशी बघत उभे होते. मी म्हणालो, “मला तसं… म्हणजे इतरांच्या मानानं काहीच नाही.”

“अरे माणसा!”

“व्हर्लिनना करून दाखवू द्या,” मी म्हणालो.

ज्यांचा गुडघा थंडीत रात्रभर ठणकतो ते व्हर्लिन पुढे आले. लॉर्नाबाई म्हणाल्या, “गुडघा कसाय?” व्हर्लिननी दीर्घ श्वास घेतला. “दुसरा अगदी उत्तम आहे,” ते म्हणाले.

दीड तास शिकवणी चालली. शेवटी लॉर्नाबाई स्वतः करून दाखवायला उभ्या राहिल्या, तिन्ही नवऱ्यांची नावं घेतली, आणि म्हणाल्या, “तसे माणसं म्हणून वाईट नव्हते कुणी.” मग खाली बसल्या. व्हर्लिननी आणलेल्या ट्रेमधली शेवटची वडी कुणी घेत नव्हतं. व्हर्लिननी तिचे दोन तुकडे करून एक घेतला. मी उरलेल्याचे दोन केले. लॉर्नाबाईंनी त्याचेही दोन केले. आम्ही उठलो तेव्हा ट्रेमध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढी वडी होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी कोर्ट. मॅजिस्ट्रेट डेलव्हेकियोबाई भराभर बोलत होत्या. आमच्या गावात एवढ्या वेगानं फक्त लिलाववाले बोलतात, त्यामुळे मी दोनदा नकळत हात वर केला.

“मिस्टर स्कोगस्टॅड, तुम्हाला कोष्टकापेक्षा कमी पोटगी हवी. का?”

“हवीच असं नाही.”

“अर्ज तुम्ही केलाय.”

“हो, ते झालं खरं.”

“अडचण आहे का काही? पैशाची ओढाताण?”

हाच तो क्षण. मागच्या बाकावर लॉर्नाबाई ओठ हलवून ‘जड जातंय, जड जातंय’ म्हणत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तो पलंग आला, ते न उघडणारं दार आलं. मी घसा खाकरला.

“चाललंय की,” मी म्हणालो. “वाईट म्हणता येणार नाही.”

लॉर्नाबाईंनी तोंड पर्समध्ये घातलं.

डेलव्हेकियोबाईंनी पावत्या चाळल्या. “‘पैसे घेतले याचं अजून वाईट वाटतं.’ हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे?”

“हो.”

“विरुद्ध बाजूचा कुठे आहे?”

विरुद्ध बाजू म्हणजे मारित उभी राहिली. ती दात साफ करण्याच्या दवाखान्यात काम करते, माझ्यापेक्षा जास्त कमावते, आणि बुधवारी तिची ड्यूटी उशिरापर्यंत असते. “बाईसाहेब, साडेसहाशेला माझी काही हरकत नाही,” ती म्हणाली. “त्याला तेवढंच द्यावं लागलं तरी चालेल. मला भागतं.”

“उत्तम!” डेलव्हेकियोबाई म्हणाल्या. “मिस्टर स्कोगस्टॅड, त्या स्वतः दोनशे चौदा सोडायला तयार आहेत. मान्य?”

मी लेक एल्सात जन्मलो. माझी आई, तिची आई, सगळ्या इथल्या. माझ्या तोंडातून जे निघालं ते मी नाही, तीन पिढ्या बोलल्या.

“छे छे,” मी म्हणालो. “कशाला उगाच.”

“अरे, घे ना,” मारित म्हणाली. “खरंच.”

“नको, नको. राहू दे.”

मी मनातल्या मनात तिसऱ्या विचारण्याची वाट बघत होतो. मारितनं तिसऱ्यांदा तोंड उघडलंही. तेवढ्यात डेलव्हेकियोबाईंनी हात वर केला.

“बाई, ते दोनदा नाही म्हणालेत. मला इंग्रजी समजतं. आणि तसंही, तुम्हा दोघांना काय चालतं यावर कोष्टक मोडता येत नाही, मुलीला त्याचा काय फायदा ते मला लिहावं लागतं. ते तर कुणी बोललंच नाही. अर्ज नामंजूर. आठशे चौसष्ट.”

सगळ्या सुनावणीला नऊ मिनिटं लागली. व्हर्लिन म्हणाले, “छान बोलल्या मात्र.”

बाहेर उणे सव्वीस होतं. मी आणि मारित गाडीतळावर उभे होतो. ती काही बोलत नव्हती, मीही नव्हतो. आमच्या संसारातली शेवटची तीन वर्षं अशीच गेली. मग ती म्हणाली, “घेशील का रे ते दोनशे चौदा?”

“बरं,” मी म्हणालो. “तुला जड जाणार नसेल तर.”

तिसऱ्यांदा विचारलं, मी हो म्हणालो. सगळं रीतसर झालं. फक्त कोर्टाबाहेर झालं.

तेवढ्यात पलीकडून ‘खर्र… खर्र…’ असा आवाज आला. डेलव्हेकियोबाई गाडीत बसून किल्ली फिरवत होत्या. इथे हिवाळ्यात गाडी उभी केली की इंजिन गोठू नये म्हणून त्याची वायर खांबावरच्या प्लगात लावायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणं म्हणजे त्यांना नावं ठेवल्यासारखं झालं असतं. सगळं कोर्ट सहा आठवडे ती लोंबणारी वायर बघत गप्प होतं.

मी माझी गाडी लावली, बॅटरीला तारा जोडल्या, चार मिनिटांत त्यांची गाडी सुरू झाली. त्यांनी वीस डॉलर काढले.

“छे छे,” मी म्हणालो.

“बरं, आभारी आहे,” म्हणत त्यांनी नोट परत पाकिटात ठेवली.

मी तिथेच उभा राहिलो. मारितही उभी राहिली. डेलव्हेकियोबाईंनी काच खाली केली.

“काय झालं?”

आम्ही दोघंही बुटांकडे बघत होतो. शेवटी मारित म्हणाली, “काही नाही, बाईसाहेब. म्हणजे… अजून दोनदा विचारायचं असतं.”

“काय?”

“दोनदा नको म्हणतात. तिसऱ्यांदा हो.”

डेलव्हेकियोबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तारांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सहा आठवड्यांचं सगळं काम सरकून जाताना दिसलं. “अरे देवा,” त्या म्हणाल्या. “मागच्या गुरुवारच्या त्या म्हाताऱ्याला मी ट्रॅक्टर… एक शब्द बोलू नका. इथे नाही. वर चला. कारकून जेवायला गेलाय, निकाल अजून नोंदवलेला नाही.”

वर आम्ही पुन्हा उभे राहिलो. डबा खाली ठेवत कारकुनानं यंत्र सुरू केलं. डेलव्हेकियोबाई बसल्या, आणि एकेक शब्द सावकाश, लहान मुलाला बोलल्यासारख्या म्हणाल्या, “मिस्टर स्कोगस्टॅड. तुम्हाला सवलत हवी आहे का?”

“छे छे.”

“हवी आहे का?”

“राहू दे हो.”

“हवी आहे का?”

“बरं,” मी म्हणालो. “अर्धी द्या. एकशे सात पुरे.”

“पूर्ण घे,” मारित म्हणाली.

“मग पाऊण,” मी म्हणालो.

“मी आकड्याचे आणखी तुकडे करणार नाही!” डेलव्हेकियोबाई ओरडल्या. “मला फक्त एक सांगा. मुलीला यातून काय मिळतं? पॅड सोडून. तक्रार म्हणून सांगू नका. नुसतं सांगा, हवामान सांगतात तसं.”

हवामान मला सांगता येतं. मी म्हणालो, “गांडुळांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे टिल्डाचा पलंग लावला की दार उघडत नाही. आताच्या घरात उघडतं.”

यंत्राची टकटक थांबली. कारकुनानं वर पाहिलं. लॉर्नाबाई अजून मागच्या बाकावरच होत्या; त्यांनी पर्समधून डोकं काढलं.

“हे तुम्ही मघाशी का नाही सांगितलंत?”

“कुरकूर केल्यासारखं वाटलं असतं.”

निकालाची प्रत माझ्याकडे आहे. कोष्टक बाजूला ठेवण्याची कारणं लेखी द्यावी लागतात, तशी ती दिली आहेत. मुलीला दर बुधवारी झोपायला जागा हवी. त्या जागेचं दार उघडायला हवं. पोटगी साडेसहाशे. आणि शेवटी एक वाक्य असं की, या जिल्ह्यात यापुढे कुणी ‘नको’ म्हणालं तर न्यायालय तीनदा विचारेल. म्हातारा आणि ट्रॅक्टर यांची नवी तारीखही लागली म्हणे.

आभार म्हणून मी ट्रे भरून लिंबाच्या वड्या कोर्टात पाठवल्या. दोन दिवसांनी ट्रे परत आला. बरोबर पत्र होतं. न्यायालयीन अधिकारी कोणत्याही प्रकारची भेट स्वीकारत नाहीत, सबब परत करण्यात येत आहे. ट्रे रिकामा होता. धुतलेलाही नव्हता. व्हर्लिन कडांवरचं लिंबू बघून म्हणाले, “शिकतील हळूहळू.”

बुधवारी टिल्डा आली. जेवण झाल्यावर घरातल्या ट्रेमध्ये एक वडी उरली होती. “डॅड, तुला हवी?” तिनं विचारलं.

“नको, नको.”

तिनं ती उचलली आणि खाल्ली. पुन्हा विचारलं नाही. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ही मुलगी कुठून आली?

बोटं चाटत ती म्हणाली, “उद्या पण मी इथेच राहू?”

माझ्या घशात ‘छे छे’ तयार होतं. मारितचं काय, शाळेचं काय, एक रात्र वाढली म्हणजे सगळं कोष्टक नव्यानं, नवा अर्ज, बर्फावरचा नोटरी, काखेतला शिक्का, खिडकीतल्या बाई. आणि समोर ती, जी एकदाच विचारते.

“हो,” मी म्हणालो.

पहिल्याच फटक्याला. भिंतीपलीकडे व्हर्लिनच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.